सगळेच चौसष्टचे

मास्टरांनी जावईबापूंच्या कोटाला दोन डाव्या बाह्या लावल्या, आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरात ठरलं की मास्टर कामातून गेले.

मास्टर म्हणजे आमचे हे. सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणते, मीही तेच म्हणते. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आणि कापड बेतायचं लांब टेबल, मधल्या खोलीच्या खिडकीशी माझी काजं-बटणं करायची खुर्ची. जन्म गेला दोघांचा लोकांच्या अंगावर नीट बसेल असं काहीतरी शिवण्यात. आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली तरी मास्टरांचा हात गप्प बसत नाही. चार जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांचे कोट होतात. आणि हा कोट तर घरचा, एकुलत्या एक जावयाचा. जावईबापू मोठ्या हॉस्पिटलात वयस्कर माणसांच्या विभागाचे प्रमुख आहेत. त्यांना पुरस्कार मिळणार होता, त्यासाठीचा हा कोट. समारंभाला पुष्कळ अवकाश होता, पण जावईबापूंना सगळं आधीच तयार लागतं.

पुरस्कार कशाचा, तेही ऐकून घ्या. फोनवर एक ॲप आहे. म्हाताऱ्या माणसाला भलतीच गोळी जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी वापरायचं. पेशंटचं वय टाकायचं, चालू गोळ्या टाकायच्या, नवी गोळी टाकायची. ती गोळी त्या वयाला सोसणारी नसेल तर पडदा लाल होतो आणि फोन ओरडायला लागतो. जावईबापूंनी ते ॲप आपल्या विभागात आणलं, आणि बाहेर कॉरिडॉरच्या भिंतीवर टीव्हीएवढा पडदा लावून घेतला. आज किती लाल इशारे आले, ते तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. सुरुवातीला म्हणे आकडा बघवत नव्हता. मग कमी होत होत तो शून्यावर आला आणि तिथेच बसला. पडदा हिरवागार. त्या शून्याचा हा पुरस्कार. आमच्या वेळी शाळेत शून्य मिळालं की कान धरून उभं करायचे. काळ बदलला, दुसरं काय!

तर कोट. जावईबापूंनी डावा हात घातला, झकास बसला. उजवा घातला, तर कोपर एकीकडे आणि बाहीचा बाक भलतीकडे. लेक आधी हसली, मग तिनं तोंडावर हात ठेवला. मास्टर हातात खडू घेऊन समोर उभे. तोंडभर हसत म्हणाले, "कसा बसला?"

बाह्यांचं मला काही वाटलं नव्हतं, बाही उसवता येते. पण त्यांचं ते हसणं मला बघवेना. ज्या माणसानं मुंढ्याला एक चुणी राहिली म्हणून अख्खी बाही पुन्हा लावलेली मी पाहिलीय, तो माणूस दोन डाव्या बाह्यांकडे बघून कौतुकानं हसत होता.

जावईबापूंनी कोट हळूच उतरवला, घडी केली, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन डॉक्टरी आवाज काढला. हा त्यांचा निराळा आवाज आहे. मऊ, सावकाश, समोरच्याला अक्कल नाही हे गृहीत धरलेला.

"आई, आता हे मान्य करायला हवं. बाबांना स्मृतिभ्रंश सुरू झालाय."

"एका बाहीवरून?"

"एका बाहीवरून नाही. मागच्या महिन्यात इस्त्री टेबलावर तशीच ठेवली, टेबल जळलं. बाथरूममध्ये पडले. तुम्हाला तुमच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात. वय आहे, आई. ह्याच्यावर इलाज नसतो."

साठी बुद्धी नाठी, असं आमची आजी एका दमात म्हणायची. तेच ह्यांनी पाव तास सांगितलं, फरक एवढाच की आजीला त्याचा पगार नव्हता.

मग पिशवीतून एक माहितीपत्रक निघालं. शहराबाहेर एक संस्था आहे. बाग आहे, नर्स आहेत, दारांना बाहेरून कड्या आहेत. ही शेवटची गोष्ट पत्रकात नव्हती, मी विचारली तेव्हा कळली. जावईबापूंच्या ओळखीनं एक खाट राखून ठेवली होती. मी हो म्हटलं की मास्टर तिकडे.

"माणूस म्हणजे काय मोडकी खुर्ची आहे," मी म्हटलं, "की दिली अडगळीत टाकून?"

"तुमच्यासाठीच म्हणतोय, आई. तुम्ही एकट्या किती दिवस सांभाळणार?"

लेक दारात उभी राहून रडत होती. तिचा बाप पुढच्या खोलीत मशीनच्या पायट्यावर पाय हलवत बसला होता. मशीनला दोरा नव्हता. मी तोंडानं भांडत होते खरी, पण आतून मलाच वाटायला लागलं होतं की हे लोक बरोबर बोलतायत. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

महिनाअखेरपर्यंत सांगते, म्हटलं.

त्याच आठवड्यात मास्टरांना तपासायला न्यायचं होतं. जावईबापूंच्याच विभागात जातो आम्ही, पण जावईबापू स्वतः तपासत नाहीत. ते मोठे. ते आतल्या खोलीत बसून सह्या करतात, उंटावरून शेळ्या हाकतात. तपासणारी पोरं निराळी, दर खेपेला नवी. मास्टरांचा भाऊ गेला तेव्हा त्यांना झोप येईना, म्हणून एकानं झोपेची गोळी दिली. ती कुणी बंद केलीच नाही. मग लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून दुसरीनं एक दिली. मग अंगाला खाज सुटली, तिची तिसऱ्यानं दिली. ज्यानं त्यानं आपापलं ठिगळ लावलं आणि पुढच्याला बोलावलं.

बाहेरच्या बाकावर आम्हा दोघांसारखीच माणसं. माझ्या शेजारी एक आजीबाई मांडीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. दर थोड्या वेळानं पर्स उघडायच्या, आत बघायच्या, बंद करायच्या आणि सुनेला विचारायच्या, "घरी कधी जायचं गं?"

"जाऊ हं, आई," सून म्हणायची. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागच्या वर्षीपर्यंत रोजचं शब्दकोडं शाईनं सोडवायच्या. खोडरबर लागायचं नाही."

समोर भिंतीवर तो पडदा होता. हिरवा, मधोमध भलंमोठं शून्य.

आत ह्या वेळी एक चष्मेवाली डॉक्टरीण होती. वयानं माझी नात शोभावी. बोलायला चांगली, पण डोळे फोनमधून वर निघतील तर शपथ. मास्टरांचं नाव टाकलं आणि वयाच्या रकान्यात सहा आणि चार असे दोन आकडे दाबले. मला चष्म्याशिवायही लांबचं लख्ख दिसतं.

"अगं बाई, चौसष्ट काय? अठ्ठ्याहत्तर आहेत ते."

"माहितीये हो, आजी." तिनं मान वर केली नाही. "इथे सगळेच चौसष्टचे."

"म्हणजे?"

"पासष्टपासून ॲप कटकट करतं. प्रत्येक गोळीला कारण विचारतं. कारण लिहिलं की सरांची सही मागतं. सही झाली की पुन्हा महिन्यानं विचारतं. बाहेर बघितलंत ना किती जण बसलेत? चौसष्ट टाकलं की गप्प बसतं. आमच्या आधीच्यांपासून असंच चालत आलंय." आणि मास्टरांकडे बघून गोड हसत म्हणाली, "आजोबा दिसतातही तेवढेच."

तिन्ही गोळ्या पुढे चालू. पडदा हिरवा. आम्ही बाहेर.

मला तेव्हा उलगडा झाला नाही, खोटं कशाला सांगू? वाटलं, असेल काही ऑफिसातली भानगड, आपल्याला काय करायचंय. रस्त्यानं मी मास्टरांची थट्टाच केली. "बघा, मी पंचाहत्तरची आणि तुम्ही चौसष्टचे. म्हातारपणी तरुण नवरा मिळाला मला." पूर्वीचे मास्टर असते तर ताड्कन काहीतरी बोलले असते. ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले, आणि विचारलं, "आपण कुठे निघालोय?"

रविवारी लेक-जावई जेवायला आले. मी टेबलाशी मटार सोलत होते. जावईबापूंना भाषणाची तालीम करायची होती आणि समोर माणसं हवी होती. आम्हाला बसवलं. मास्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत, अर्धे झोपेत. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. बाकीचे नऊ निदान आकाशात राहून त्रास देतात, हा जेवायला येऊन देतो.

भाषण सुरू झालं. ज्येष्ठ म्हणजे आपली ठेव, ज्येष्ठांची सुरक्षितता, तंत्रज्ञानाचा मायेचा हात. मी शेंगा मोडत होते. मग त्यांनी फोन काढला. "इथे मी स्टेजवर एक उदाहरण दाखवणार आहे. बघा हं, आई, तुम्हालासुद्धा कळेल."

"बघू," म्हटलं. "कळलं तर तुमचं नशीब."

"एक काल्पनिक पेशंट घेऊ. वय अठ्ठ्याहत्तर, समजा बाबांएवढाच. आता आम्ही शिकवताना नेहमी देतो तो नमुना. म्हाताऱ्या माणसाला एकत्र कधीही देऊ नयेत अशा तीन गोळ्या. एक झोपेची." टाकली. पडदा पिवळा. "एक लघवीवरची." टाकली. पडदा भगवा. "आणि एक खाजेवरची, त्या जुन्या जातीतली." टाकली.

फोन किंचाळला. पडदा लालभडक झाला. मास्टरसुद्धा दचकून जागे झाले.

"पाहिलंत?" जावईबापूंचा चेहरा फुलून आला. आणि खाली काय लिहून आलं ते त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. "ह्या तीन गोळ्या एकत्र दिल्यास: गोंधळ, विसराळूपणा, माणसं न ओळखणं, तोल जाऊन पडणं. स्मृतिभ्रंश असल्यासारखं वाटू शकतं. गोळ्या थांबवून माणूस पुन्हा तपासावा. झोपेची गोळी एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करावी." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "म्हणजे बघा, समजा कुणी बावळट डॉक्टर ह्या तिन्ही एका म्हाताऱ्याला द्यायला निघाला, तर ॲप त्याला जागच्या जागी पकडतं!"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

मी उठले. फडताळातून मास्टरांचा गोळ्यांचा डबा आणला. त्यातली तिन्ही पाकिटं एकेक करून त्यांच्या फोनशेजारी मटारच्या सालांत मांडली.

"बावळट सापडला," मी म्हटलं.

जावईबापूंनी पाकिटं उचलली, उलटून वाचली, पुन्हा सुलटी केली. डॉक्टरी आवाज कुठे पळाला कोण जाणे.

"हे... हे कुणी दिलं?"

"तुमच्या विभागानं दिलं. चिठ्ठीवर सही तुमची आहे."

"अशक्य आहे, आई. ॲपनं इशारा दिला असता."

"दिला असता, त्याला वय कळलं असतं तर. तुमच्याकडे हे चौसष्टचे आहेत. माझ्यादेखत टाकलंय त्या पोरीनं."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हा माणूस आता उसळेल, कोण ती पोरगी म्हणून विचारेल. त्यानं खाली बघितलं. तिथेच मला सगळं कळलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," लेक म्हणाली.

"अगं, ठाऊक म्हणजे... ती एक तात्पुरती सोय होती. पोरं दर गोळीला कारणं लिहीत बसली तर संध्याकाळपर्यंत रांग संपणार नाही. आणि बाबांचंही तसंच टाकतात, हे मला..."

"असं आलं होय ते शून्य!" मी म्हटलं. दिव्याखाली अंधार ऐकला होता, पण इथे तर अंधारालाच पुरस्कार! "म्हातारी माणसं जपायचं यंत्र आणलंत, आणि ते ओरडू नये म्हणून म्हातारी माणसंच पुसून टाकलीत. वा रे वा! आणि वर माझ्या नवऱ्याला कड्या लावून ठेवायला निघालात!"

"आई, तुम्ही चिडू नका..."

"मी चिडू नको? बहिणीच्या नावानं हाक मारली तरी मी ओ दिली. टेबल जळलं, मी स्वतःलाच बोल लावला. मी ह्या माणसाला मनातून निरोप द्यायला लागले होते, कळतंय का तुम्हाला? तुमच्या रांगेपायी!"

आणि मग मला रडू आलं. मटारच्या ढिगात डोकं घालून मी रडले. मास्टर कोपऱ्यातून उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझ्या बहिणीचं नाव घेऊन म्हणाले, "रडू नकोस गं."

एवढं मात्र म्हणेन, पुढचं जावईबापूंनी नीट केलं. लेकीनं दुसरा मार्गच ठेवला नव्हता. ती नवऱ्याशी बोलायचं झालं तर फक्त बापाच्या गोळ्यांविषयी बोलायची. खाजेची आधी गेली, मग लघवीची. झोपेची पाव-पाव करत उतरवली. मधले दिवस वाईट गेले. मास्टर चिडायचे, उशीर-उशीरपर्यंत खोलीत फेऱ्या मारायचे. संस्थेची खाट दुसऱ्या कुणाला तरी गेली. त्या माणसाचं वय कुणी काय लावलं असेल, हा विचार माझ्या मनात आला आणि बसला.

मग एके सकाळी पुढच्या खोलीतून ओरडा ऐकू आला. धावत गेले. मास्टर टेबलाशी उभे होते. कपाटातून तो कोट काढून त्यांनी पालथा पसरला होता.

"हा कुणा गाढवानं शिवलाय? दोन्ही बाह्या डाव्या!"

"तुम्हीच," म्हटलं.

"मी?" त्यांनी कोट पुन्हा बघितला. अस्तराची शिवण बोटानं चाचपली. ती त्यांची होती, नाकारायला वावच नव्हता. मग म्हणाले, "तू बघत काय बसली होतीस?" आणि माझ्या नावानं हाक मारून म्हणाले, "जा, चहा टाक."

तो चहा मी नाकाडोळ्यांतून पाणी गाळत केला. साखर घातली की मीठ, देव जाणे.

चहा पिताना मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. मास्टर ऐकत होते. माणूस कंबर सांगतो ती कधी खरी नसते, हे त्यांचं जुनं म्हणणं. तुम्ही सांगा बत्तीस, ते मान डोलावतात आणि फीत लावतात. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीच्यांचं काय?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून पुढच्या तपासणीला मी कान आणि डोळे उघडे ठेवून गेले. पुन्हा तीच चष्मेवाली. तिनं मास्टरांचं वय टाकलं, सात आणि आठ. मला बरं वाटलं.

"शहाणी झालीस की गं!"

"सरांनीच सांगितलंय, आजी. आजोबांचं खरं टाकायचं."

"आणि इतरांचं?"

निदान ह्या वेळी तिनं मान वर तरी केली. लाल झाली होती बिचारी. "इतरांचं काही बोलले नाहीत," म्हणाली.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! बाहेर आले तर बाक भरलेला. पर्सवाल्या आजीबाई तिथेच होत्या, आता पर्स उघडतही नव्हत्या, नुसती धरून बसल्या होत्या. वर पडद्यावर शून्य. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी जावईबापू घरी आले. समारंभ जवळ आला होता, कोट हवा होता. मास्टरांनी दोन्ही बाह्या उसवून डावी नीट लावली होती. उजवी नवीन बेतली होती, पण ती टेबलावरच होती. जावईबापूंनी एका बाहीचा कोट हातात घेतला.

"बाबा, दुसरी?"

"लावतो की," मास्टर म्हणाले. "तुमच्या बाकावरच्या माणसांची खरी वयं लागू देत. मग उजवी लावतो."

"बाबा, ते इतकं सोपं नाही. आत्ता एकदम खरी वयं टाकली तर तो पडदा दिवसभर लाल राहील. पुरस्काराची समिती येऊन बघणार आहे. एवढा समारंभ होऊन जाऊ दे, मग आपण टप्प्याटप्प्यानं..."

"समारंभ होऊन जाईपर्यंत त्या पर्सवाल्या बाईंना माणसं विसरायला सांगू?" मी मध्येच विचारलं.

"आई, तुम्हाला ह्यातलं कळत नाही."

"बरोबर. मला एवढंच कळतं की तुमच्या सासऱ्याला जे विष होतं, ते दुसऱ्याच्या सासऱ्याला औषध होत नसतं."

ते गेले. कोट इथेच राहिला, एका बाहीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच हॉस्पिटलात गेले. मला काही झालेलं नव्हतं. बाकावर जागा करून बसले, पर्सवाल्या आजीबाईंच्या सुनेशेजारी. तिला सगळं सांगितलं. आवाज मी कधी हळू करत नाही, त्यामुळे पलीकडच्या निवृत्त ड्रायव्हरनं ऐकलं, त्याच्या पलीकडच्या जोडप्यानं ऐकलं, आणि काठीवाले गृहस्थ तर उठून जवळच आले. मी म्हटलं, जास्त काही करू नका. आत गेलात की डॉक्टरला आपलं वय सांगा आणि टाकताना फोनकडे बघा. दोन आकडे आहेत, कुणालाही वाचता येतात. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरकडूनच करून घ्या.

एक मदतनीस येऊन म्हणाला, "आजी, तुमचा नंबर आहे का? नसेल तर उठा, इथे आजारी माणसं बसतात."

"मी चौसष्टची आहे," मी म्हटलं. "चौसष्टच्या बाईला हात धरून उठवायचं नसतं."

बाकावर हशा पिकला. तेवढ्यात पर्सवाल्या आजीबाईंना आत बोलावलं. सून त्यांना धरून घेऊन गेली. दार लोटलेलं होतं, पण तिचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"एक्क्याऐंशी! चौसष्ट नाही, एक्क्याऐंशी! माझ्यासमोर लिहा!"

सुनेनं सासूचं वय चारचौघांत ओरडून सांगावं आणि सगळ्या म्हाताऱ्यांनी मान डोलवावी, असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

चष्मेवालीनं काय केलं ते मला दिसत नव्हतं. मग आतून तो आवाज आला, आमच्या जेवणाच्या टेबलावर ऐकलेला. फोन किंचाळला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. भिंतीवरचं शून्य गेलं, तिथे एक आला, आणि अख्खा पडदा लाल झाला.

काठीवाले गृहस्थ म्हणाले, "माझा नंबर पुढचा. मी अठ्ठ्याऐंशीचा."

पडद्यावर दोन झाले. मग तीन. आतल्या खोलीचं दार धाड्कन उघडलं आणि जावईबापू पांढऱ्या कोटात धावत बाहेर आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, शेवटी माझ्याकडे.

"आई! समिती परवा येतेय. आता मी त्यांना काय दाखवू?"

"हेच दाखवा," मी म्हटलं. "आज पहिल्यांदा चालतंय ते."

त्यांच्या पाठीमागे चष्मेवाली दारात आली होती. हातात फोन, डोळे ओले, पण आवाज ठाम. "सर, त्या एक्क्याऐंशीच्या आजींच्या दोन गोळ्या थांबवायला हव्यात. सही लागेल."

सगळा बाक त्यांच्या हाताकडे बघत होता. जावईबापूंनी खिशातून पेन काढलं.

मी उठले, पदर सारखा केला. "मास्टरांना सांगते," म्हटलं, "उजवी बाही आज लावून टाका. संध्याकाळी कोट घेऊन जा, जावईबापू. आता तो घालून जायला समारंभ उरतो की नाही, ते तुम्ही बघा."